दमून आलेला चहा

बालेवाडीतल्या आमच्या शेतावर इमारत उभी राहिली, तेव्हा बिल्डरने आम्हाला समोरासमोरचे दोन फ्लॅट दिले. एकात आम्ही राहायला गेलो, दुसरा भाड्याने दिला. पुढे हे गेले. मुलगा आयटीत, बायको-मुलीला घेऊन बंगळूरला. मी शाळेतून निवृत्त झालेली. सकाळी दूधवाला यायचा, तोही पिशवी कडीला अडकवून बेल न वाजवता जायचा.

अशात समोर तैवानचे एक इंजिनिअर राहायला आले. हिंजवडीतल्या कंपनीत कामाला, पन्नाशीचे, एकटे. त्यांचं इंग्रजी माझ्याइतकंच तुटक. दुसरी किल्ली द्यायला गेले तर ते कागदात गुंडाळलेली काळी चकती हुंगत होते. मला वाटलं, गोवरीच.

"टी," ते म्हणाले. "व्हेरी ओल्ड."

मी म्हटलं, आणा, करून देते. त्यांनी घाईने चकती छातीशी धरली. "नो, नो. टी टायर्ड."

विमानातून आलाय, इथली हवा कोरडी, त्याला आधी विसावू द्यायचं, असं त्यांनी हातवारे करून सांगितलं. किती दिवस? "मेबी वन मंथ." मी मोठ्यांदा हसले. कितीतरी दिवसांनी माझाच आवाज मला ऐकू आला.

चहा ठेवायला त्यांना मातीचं भांडं हवं होतं. मी त्यांना रिक्षाने कसब्यातल्या कुंभारवाड्यात नेलं.

"दह्याला पाहिजे का लोणच्याला?" कुंभारीणबाईंनी विचारलं.

"चहाला."

"अस्सं! मग दही किटलीत लावता वाटतं?"

मी हसले, म्हणून तेही हसले.

उन्हाळा होता. मडकं त्यांच्या हॉलच्या कोपऱ्यात ठेवलं, वर फडकं बांधलं, शेजारी पाण्याची वाटी. दर रविवारी ते मला वास घ्यायला बोलवायचे. आधी बंद ट्रंकेसारखा वास यायचा, मग हळूहळू गुळाच्या ढेपेसारखा. वास घेऊन मी परत यायचे, एवढंच. पण रविवारी सकाळी मी साडी बदलून बसायला लागले.

मुलाला फोनवर सांगितलं, तर तो म्हणाला, "आई, आधी एक्स्पायरी डेट बघ." आणि मीटिंग आहे म्हणून ठेवून दिला.

शेवटी एका रविवारी चहा झाला. दूध नाही, साखर नाही. पहिलं पाणी त्यांनी चक्क ओतून दिलं, तेव्हा माझा जीव हळहळला. दुसरं तांबूस काळं. आधी मातीची चव, मग घशात मागाहून गोडवा.

"कुठून आणला?" मी विचारलं.

"वाइफ बॉट. नाऊ शी लिव्ह्ज अदर सिटी." एवढं बोलून त्यांनी माझा पेला पुन्हा भरला.

हे बशीतून फुर्र फुर्र करत चहा प्यायचे, ते मी त्यांना सांगितलं. सगळं मराठीतच. त्यांनी मान हलवत शेवटपर्यंत ऐकलं.

दिवाळीपर्यंत आमचे असे रविवार गेले. मग कंपनीने त्यांना अचानक परत बोलावलं. जाताना उरलेली चकती मडक्यासकट माझ्या दारात ठेवली. "ड्रिंक," म्हणाले. "डोंट कीप."

नणंद आली तेव्हा मी तो केला. एक घोट घेऊन ती म्हणाली, "वहिनी, काढा हाय का ह्यो? दूध घाल की जरा." तिच्या कपात घातलं. माझा तसाच प्यायले. बरोबर प्यायला कुणी नसलं की तो फार कडू लागायचा. तरी संपवला.

संक्रांतीच्या सुमारास एकदा फोन वाजला. पलीकडून जपून, एकेक अक्षर सुटं करत कुणी म्हणालं, "जे-व-लात?" जिन्यात भेटले की मी त्यांना रोज हेच विचारायचे.

"हो," मी म्हटलं. "तुम्ही?"

त्यांना पुढचं मराठी येत नव्हतं आणि मला नेमका इंग्रजी शब्द आठवेना. हातवारे तरी कुणाला करायचे? त्यांच्या घरात टीव्ही चालू होता, तो ऐकू येत राहिला. मग ते "ओके, ओके" म्हणाले आणि फोन बंद झाला.

खरं तर मी जेवले नव्हते. उठले, सकाळची भाकरी गरम केली आणि ओट्याशी उभ्यानेच खाल्ली.