मामांचा हात आलेला फोटो

एका पेचात सापडले आहे, म्हणून तुम्हा सगळ्यांनाच विचारते.

आज देवासच्या एका लहान मंदिरात घरच्यांपासून लपून होणाऱ्या लग्नाचे फोटो काढत होते. नवरा-नवरी, गुरुजी आणि अंतरपाट धरायला दोन मैत्रिणी, एवढेच. नवरीचा भाऊ सकाळपासून तिला शोधत होता.

मंगलाष्टकं सुरू झाली आणि बाहेर जीप थांबली. नवरी पांढरीफटक पडली. "ताई, दादा आला!"

मी कॅमेरा छातीशी घट्ट धरला. मंदिराला दुसरं दारही नव्हतं.

आत आले ते तिचे मामा, थेट धामनोदहून. रीतीप्रमाणे भाचीच्या पाठीशी उभे राहिले. "गुरुजी, चालू द्या. और बेटा, मेरा फोटो मत निकालना. घरी कळलं तर मला सोडणार नाहीत."

पण घाबरून बटण आधीच दाबलं गेलं होतं. फोटोत तिच्या खांद्यावर फक्त मामांचा हात, बोटातल्या मोठ्या अंगठीसकट. ती अंगठी सगळे नातेवाईक ओळखतात.

आता नवरी विचारते आहे, "ताई, मामांचा एक तरी फोटो आला का हो?" नात्यातलं तेवढं एकच माणूस तिच्या लग्नाला होतं.

फोटोनं कुणाचं वाईट होत नाही, असं मी हे काम नको म्हणणाऱ्या माझ्या घरच्यांना ठणकावून सांगायचे.

तिला काय सांगू?