पाठीचा फोटो

दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. तीस वर्षं फोटो स्टुडिओत लोकांच्या चेहऱ्यावरचे डाग काढत बसले आणि त्या बसण्यानेच कंबर कामातून गेली. मणक्यात स्क्रू घातले, तर महिन्याभरात जखम चिघळून उघडी पडली. मग दुसऱ्या डॉक्टरांनी आतली घाण साफ केली, दोन्ही बाजूंचे स्नायू मध्ये ओढले आणि थरावर थर शिवले. "हेही सुटलं तर स्क्रू काढावे लागतील," ते म्हणाले. म्हणजे चालण्याचं नाव नको.

घरी आल्यापासून दाजी पालथेच. नाकावर माशी बसू न देणारा माणूस; आता खरी माशी हाकलायलाही ताईला हाक मारायचा. आपली पाठ आपल्याला दिसत नाही, म्हणून रोज ड्रेसिंग करताना मी मोबाइलवर फोटो काढायचा आणि त्यांना दाखवायचा, असं ठरलं होतं.

गुरुवारी पट्टी काढली. टाक्यांचं खालचं टोक लालभडक, फुगलेलं, त्यातून पिवळट पाणी. ताईने मला डोळ्यांनीच दटावलं. स्वयंपाकघरात म्हणाली, "सोमवारी दाखवायला जायचंच आहे. तोवर जुना फोटो दाखव. पुन्हा चिरफाड नाही रे बघवणार मला."

चिरायची पाठ दाजींची होती. पण मी मूग गिळून गप्प बसलो, आणि त्याची लाज मला अजून वाटते. जुन्या फोटोत जखमेतलं पाणी काढायची नळी होती, ती आता काढून टाकली होती. म्हणून फोटोची ती बाजू कापून मी तो दाखवला.

"छान," दाजी म्हणाले. ताई टॉवेल धुवायला गेली तसे हळूच म्हणाले, "नळी गेली, तिची चिकटपट्टी राहिली. असलं काम केलं असतंस तर स्टुडिओतून हाकलला असता तुला. आता आजचा दाखव."

दाखवला. ते खूप वेळ बघत राहिले. घाबरले होते.

"सोमवार नको. आत्ताच ने मला. तिला सांगू नको, रडत बसेल."

मी गाडी दारात लावली. पण कंबर न पिळता त्यांना एका दमात वळवायचं, तर दोघं लागायचे. एकट्याने दोनदा करून पाहिलं. दाजींनी चादर मुठीत आवळली.

शेवटी ताईलाच हाक मारली. तिने दारातली गाडी पाहिली. दाजींच्या कंबरेला हात लावून उभी राहिली, "तीन म्हटलं की वळवायचं," म्हणाली. एक म्हणाली, दोन म्हणाली. तीन काही तिच्या तोंडून निघेना.