शुक्रवारची बोट

आपिया बंदराच्या फाटकासमोर नीरफणसाच्या झाडाखाली सेनेरिताची कढई असायची. पानिकेके, म्हणजे केळं घालून तळलेले गोड गोळे, आणि सोबत कडक कोको. या जागेवर तिची उमर गेली. आज सुट्टी आहे का, हे तिला कुणाला विचारावं लागत नसे. प्रवाळाच्या रांगेबाहेर एखादं मालाचं जहाज मुकाट नांगर टाकून उभं दिसलं, की समजायचं, धक्का बंद. जूनमध्ये स्वातंत्र्यदिनाच्या नाचगाण्यांत हमालांपासून साहेबापर्यंत सगळे रंगलेले, आणि पिठाची पोती बाहेर लाटांवर डुलत. मग गावात पिठाची टंचाई आणि सेनेरिताचे पानिकेके लिंबाएवढे.

“काय गं, कढई आटली का?” हमाल चिडवायचे.

“जहाजावर जाऊन भांडा. माझं पीठ तिथे बसून तुमचा नाच बघतंय.”

अशी फटकळ बाई. पण धाकट्या जावेचा, फुआतिनोचा, विषय निघाला की तिच्या तोंडाला कुलूप लागायचं. बोलली असती तर सगळंच बाहेर पडलं असतं ना!

तसं फुआतिनोनं तिचं काही घेतलं नव्हतं. एकाच अंगणात दोघींची घरं, एकच भट्टी, एकच न्हाणी. पण फुआतिनोची बहीण पलीकडच्या बेटावर, पागो पागोला, मासळीच्या कारखान्यात. दर ऑक्टोबरात पांढऱ्या रविवारच्या आधी तिचं खोकं यायचं. पांढरा रविवार म्हणजे मुलांचा दिवस. त्या दिवशी मुलं देवळात बायबलातली वचनं म्हणतात, घरी त्यांना पहिली पंगत, मोठी माणसं वाढायला उभी. आणि सगळ्या गावचे डोळे मुलींच्या पांढऱ्या झग्यांवर. फुआतिनोची मुलगी लुपे खोक्यातला झालरी लावलेला झगा घालून उभी राहिली, की बायकांमध्ये “आहाहा” पसरायचं. तिच्यामागून सेनेरिताची तेलेसिया यायची, आईनं शिवलेल्या साध्या झग्यात, आणि बायका पंखे हलवत पुढच्या मुलीकडे बघायला लागायच्या. लुपेपेक्षा तेलेसियाचं पाठांतर चोख. ते कोण ऐकतंय!

यंदा मात्र सेनेरिता कंबर कसून बसली होती. चांगलं कापड आणलं होतं, गळ्याशी पानाफुलांची वेल स्वतः भरली होती.

बुधवारी दुपारी फुआतिनो फोन घेऊन नाचतच अंगणात आली. “ऐकलंस का! खोकं शुक्रवारच्या बोटीत टाकतेय म्हणाली. रविवारसाठी जादा बोट सोडलीय म्हणे. शनिवारी सकाळी हातात!”

सेनेरिता तारोच्या कंदांची सालं काढत होती. तिचा हात थांबला. पलीकडच्या बेटावर कॅलेंडर आपल्यापेक्षा एक दिवस मागे चालतं. सरकारनं आपला दिवस पुढे ढकलला त्याला वर्षं लोटली, तरी तिकडच्या लोकांची दोन्हीकडे एकच वार धरायची जुनी सवय सुटत नाही. तिथल्या शुक्रवारी संध्याकाळी निघालेली बोट रात्रभर चालून इथे लागते, तेव्हा इथे रविवार उजाडलेला असतो. माणसं उतरून थेट देवळात जातात. मालाला मात्र रविवारी कुणी हात लावत नाही, आणि सोमवारी त्याच सणाची सुट्टी. खोकं हवं असेल तर गुरुवारच्या बोटीत पडायला हवं. अजून वेळ होता. एक वाक्य बोलायचं होतं.

“बरं झालं बाई,” सेनेरिता म्हणाली आणि तारो सोलायला लागली.

शनिवारी सकाळी गुरुवारची बोट लागली. फुआतिनो केस विंचरून, कानामागे लाल फूल खोचून फाटकाशी हजर. पोती उतरली, खोकी उतरली, लोक आपापलं घेऊन गेले. ती पुन्हा पुन्हा नावं वाचत राहिली. शेवटी पहारेकऱ्याला तिची दया आली.

“शुक्रवारची म्हणतेस? ती उद्या येणार, बाई. उद्या रविवार, परवा सुट्टी. आता मंगळवारी ये.”

“अहो, पण मुलीचा झगा आहे त्यात!”

“मग बोटीला सांग, देवळात यायला!” मागून एक हमाल बोलला आणि सगळे हसले.

सेनेरितानं हे सगळं कढईआडून पाहिलं. हसली मात्र नाही. छातीत काहीतरी गोड गोड सांडल्यासारखं झालं, आणि त्याच्याच मागून एक आंबट ढेकर. फुआतिनो समोरून गेली. थांबली नाही, पानिकेकेही घेतला नाही.

रविवारी देऊळ पांढरंशुभ्र भरलं होतं. तेलेसिया उभी राहिली, वचन न अडखळता म्हणाली. गळ्याची वेल छान उठून दिसत होती. दोन-चार माना डोलल्या. सेनेरिताला वाटलं, आला, आपला दिवस आला! तेवढ्यात लुपे उठली. अंगात जाड, जुन्या लेसचा झगा. बाह्या जरा वर-खाली, टाके दिसतील असे. बायकांनी लेस लगेच ओळखली. ती फुआतिनोच्या देवळात घालायच्या झग्याची होती. आणि फुआतिनो स्वतः मागच्या बाकावर, घरात घालायच्या निळ्या फुलांच्या कपड्यांत बसलेली, सगळ्या पांढऱ्यात एकटी.

“स्वतःचा झगा फाडला गं मुलीसाठी!” एकीनं दुसरीच्या कानात सांगितलं, ते चार बाकांपर्यंत ऐकू आलं. लुपे दोनदा अडखळली, तरी बायकांचे डोळे भरून आले. पाळकबाईंनी तर फुआतिनोला हात धरून पुढे नेऊन बसवलं.

सेनेरिताच्या अंगाचा तिळपापड झाला. हिचं खोकं आलं तरी हीच, नाही आलं तरी हीच! घरी मुलांच्या पंगतीत आइस्क्रीम वाढताना तिनं लुपेच्या वाटीत जरा कमीच घातलं, मग स्वतःचीच लाज वाटून एक डाव जास्त घातला.

मंगळवारी खोकं आलं. अंगणात चटईवर फुआतिनोनं ते उघडलं. झगा खरंच सुंदर होता, कमरेला रेशमी पट्टा, खाली तीन झालरी. लुपेनं डोकं घातलं, पण खांद्यापाशी अडकला. मावशीनं पोरीला फोनवरच पाहिलेलं. फुआतिनोनं ओढून पाहिलं, मग खळखळून हसली.

“ही तर फुगलीय नुसती! तेलेसिया, ये गं इकडे.”

तेलेसियाच्या अंगावर तो मापानं शिवल्यासारखा बसला. ती एक गिरकी घेऊन थेट काकूपुढे उभी राहिली. “काकू, कशी दिसते?”

आईकडे तिनं पाहिलंही नाही.

“राणी दिसतेस. शनिवारी आला असता ना, तर रविवारी तूच घातला असतास,” फुआतिनो म्हणाली, आणि खोक्यातला कागद घडी करत मान वर न करता पुढे बोलली, “फाटकाशी बसणाऱ्या बाईला विचारायला हवं होतं मी. नाही का, सेनेरिता?”

आवाजात राग नव्हता. राग असता तर सेनेरितानं तोडीस तोड उत्तर दिलं असतं. ती पोरीच्या झालरींकडे बघत राहिली. तीन होत्या. रविवारी सगळ्या गावानं पाहिल्या असत्या.

“बहिणीला सांग,” ती अखेर म्हणाली, “शुक्रवारची बोट नको. गुरुवारी टाक म्हणावं.”

फुआतिनोनं वर पाहिलं. मग म्हणाली, “सांगेन.”

तेलेसिया अजून काकूपुढेच गिरक्या घेत होती.