उधाणाचा मेसेज

कोपरीत खाडीच्या बाजूला बाबांची तळमजल्यावरची खोली. पावसाळ्यात उधाणाची भरती आणि जोराचा पाऊस एकाच वेळी आले की पाणी थेट घरात. तेव्हा बाबा खाटेखालची पत्र्याची पेटी उचलून टेबलावर ठेवायचे. आई गेली, तरी तिची लुगडी त्या पेटीत होती. पुढे गुडघे गेले आणि दर उधाणाला पेटी उचलणं त्यांना जमेना.

मी एका संशोधन संस्थेत नोकरीला. भरती, वारा आणि पाऊस यांवरून खाडीचं पाणी कुठवर चढेल हे एआयला शिकवायचं, असा आमचा प्रकल्प होता. घरात पाणी शिरणार असेल तर काठावरच्या लोकांना मोबाइलवर मेसेज जायचा. चाचणीसाठी बाबांचा नंबर मी सगळ्यात आधी घातला. मेसेज आला की ते शेजाऱ्याला हाक मारत आणि पेटी वर जाई. नाही आला तर निवांत असत. उधाण कधी येणार ते कॅलेंडरातल्या तिथीवरून बघायची त्यांची जन्माची सवयही सुटली. मला त्याचा केवढा अभिमान!

मग पुढच्या टप्प्याचा निधी नाकारला गेला. कारण वाचून माझं डोकंच फिरलं. प्रयोग यशस्वी झाला म्हणे, मग आणखी पैसे कशाला? आम्ही समुद्राच्या संशोधनाला पैसे देणाऱ्यांकडे गेलो, तर ते म्हणाले, ही तर खाडी. नद्यांवाल्यांकडे गेलो, तर त्यांना ती समुद्र वाटली. आमच्या खाडीला कुणी वालीच नव्हता.

बाबांना फोनवर सांगितलं, "प्रोजेक्ट यशस्वीरीत्या पूर्ण झाला, बाबा." पुढचं काही तोंडातून निघेना, म्हणून रविवारी डोंबिवलीहून त्यांच्याकडे गेले. तोवर ते टेंभी नाक्यावरून पेढे आणून सगळ्या गल्लीत वाटून मोकळे झालेले. एक माझ्याही हातावर ठेवला. तो तसाच हातात धरून मी सांगितलं, पैसे संपले, खाडीतलं पाणी मोजणारं आमचं यंत्र काढून नेलं, आता मेसेज येणार नाहीत.

त्यांनी मान डोलावली. म्हणाले, "रोजचा नको गो. पन उधानाला तरी येल ना?"

"नाही, बाबा. कधीच नाही."

त्या पावसाळ्यातल्या पहिल्या मोठ्या उधाणाला मी सकाळीच फोन केला. पेटी वर ठेवून घ्या, म्हटलं. हो हो, म्हणाले.

पाणी ओसरल्यावर पोचले तेव्हा बाबा खाटेवर बसले होते. पेटी खालीच होती. लुगड्यांचे रंग एकमेकांत उतरलेले, घड्यांत खाडीचा चिखल. मला रडू आवरेना.

"बाबा, मी फोन केलेला ना?"

"केलेला गो." मोबाइल अजून त्यांच्या मुठीत होता. "पन मेसेज नाय आला. म्हटलं, उधानाला तरी येल."