बॉयलरला दहा, मशीनला चार

"पाटीलभाई, प्रेशर नथी!"

जिग्नेशभाईंचा फोन आला तेव्हा मी बॉयलरसमोरच उभा होतो. जिग्नेशभाई आमच्या मिलचे प्रोडक्शन मॅनेजर. मी बॉयलर इंजिनियर. सुरतच्या पांडेसरातली आमची मिल साड्यांचं कापड रंगवते आणि त्यासाठी लागणारी वाफ माझ्या बॉयलरमधून जाते. समोरचा वाफेच्या प्रेशरचा काटा दहावर होता. दहा किलो ही आमच्या बॉयलरची कमाल मर्यादा.

"इथे दहा आहे," मी म्हणालो.

"त्यां दस हशे. अहीं चार छे. कापड जेटमां पडेलुं छे. मारा पर केटलुं प्रेशर छे, तमने खबर छे?"

एकाच फोनवर त्यांनी 'प्रेशर' हा शब्द दोन अर्थांनी वापरला. पहिलं प्रेशर वाफेचं. दुसरं शेठचं. आमच्याकडे कोणाला यात गोंधळ वाटत नाही. त्याच सकाळी बॉयलरची आग सांभाळणाऱ्या फायरमन सुकलालआप्पांनी प्रेशरची गोळी घेतली होती, ती रक्तदाबाची. शिफ्टचा मुकादम पाळी सुरू होताच "प्रेशर आलंय" म्हणून संडासाकडे पळाला होता. आंघोळीच्या नळाला प्रेशर नाही अशी तक्रार रोजचीच. घरून निघताना आई बायकोला सांगत होती की पोरीवर अभ्यासाचं प्रेशर टाकू नको. इंग्रजीतला एक शब्द, पण आमच्याकडे तो एवढ्या ठिकाणी नोकरी करतो.

मी हा शब्द शिकलो तेव्हा तो 'दाब' होता. माझे वडील पांडेसरातच फोल्डिंग खात्यात कापडाच्या घड्या घालायचे. शाळेसाठी त्यांनी मला खानदेशात दोंडाईच्याला मावशीकडे ठेवलं. तिथल्या विज्ञानाच्या सरांनी एकदा टेबलावर परातीत वाळू पसरली आणि तिच्यावर वीट ठेवली, आधी आडवी, मग उभी. उभी वीट जास्त रुतली. "वजन तेच, जागा कमी झाली. याला दाब म्हणायचं," सर म्हणाले. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेज पाहिलं नव्हतं. मी इंजिनियर झालो त्यात त्या विटेचा वाटा आहे असं मी मानतो. मराठीत दाब वेगळा, दडपण वेगळं, घाई वेगळी. मिलमध्ये आल्यावर सगळ्यांचं मिळून प्रेशर झालं.

तर, मी जेट खात्यात गेलो. जेट म्हणजे कापड रंगवायचं बंद भांडं, एखाद्या मोठ्या कुकरसारखं. आमचं कापड पॉलिएस्टरचं. पाणी एकशे तीस डिग्रीपर्यंत तापल्याशिवाय त्याला रंग नीट चढत नाही. त्या दिवशी ते एकशे दहाच्या पुढे सरकत नव्हतं. आत लग्नसराईच्या साड्यांचं राणी रंगाचं कापड गोल फिरत होतं. असं अर्धवट तापमानात जास्त वेळ राहिलं की रंग कुठे गडद, कुठे फिका बसतो.

जिग्नेशभाई घामाघूम होते. "बॉयलर बारावर घ्या," ते म्हणाले. तेवढं मराठी त्यांना आमच्या संगतीत आलेलं.

"दहाच्या वर गेलं की सेफ्टी वाल उडेल."

"तो एने थोडो टाइट करी नाखो ने!"

सेफ्टी वाल काय असतो ते सांगतो. बॉयलरमधली वाफ मर्यादेबाहेर गेली की हा वाल आपोआप उघडतो आणि जास्तीची वाफ बाहेर सोडतो. तो उघडला नाही तर वाफ स्वतःची वाट स्वतः करते, आणि ती भिंतीतून असते. आमच्या बॉयलरच्या भिंतीपलीकडे पॅकिंग खातं आहे. तिथे बायका बसून साड्यांना स्टिकर लावतात. वालला सरकारी सील असतं आणि ते शाबूत ठेवायची जबाबदारी माझी.

"नाही होणार," मी म्हणालो.

"पाटीलभाई, बाजूवाली मिलमां बधा करे छे."

"त्यांच्याकडे करू दे."

"शेठने हुं शुं कहुं? इंजिनियर ना पाडे छे?"

"हो. इंजिनियर नाही म्हणतो, असंच सांगा. नाव पण सांगा."

मग त्यांनी खरोखर फोन काढला आणि शेठना लावला. मी तिथेच उभा होतो. पलीकडून काय बोलणं झालं ते कळलं नाही, पण फोन ठेवून ते म्हणाले, "शेठ कहे छे, जमतुं ना होय तो सांजथी बीजो इंजिनियर आवशे."

म्हणजे संध्याकाळपर्यंत एकतर वाफ पोचवायची, नाहीतर घरी जायचं. माझ्या जागी येणारा वाल घट्ट करणार, हेही त्यात आलंच.

मी डोकं शांत ठेवून विचार केला. बॉयलर वाफ कमी बनवत असता तर काटा बॉयलरवरच पडला असता. काटा दहावर आहे आणि शेवटच्या मशीनला चार मिळताहेत, याचा अर्थ पाइपमधून नेहमीपेक्षा खूप जास्त वाफ धावतेय आणि मधेच कुठेतरी बाहेर पडतेय. अशा वेळी बॉयलर बारावर नेला तर बाहेर जाणारी वाफ वाढते, बाकी काही होत नाही.

मी लांब स्क्रूड्रायव्हर घेतला आणि वाफेच्या पाइपची लाइन धरून चालू लागलो. प्रत्येक मशीनखाली एक स्टीम ट्रॅप असतो. वाफ थंड होऊन तिचं पाणी झालं की हा ट्रॅप पाणी बाहेर सोडतो आणि वाफ आत अडवतो. स्क्रूड्रायव्हरचं टोक ट्रॅपवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची. ट्रॅप चांगला असेल तर थांबून थांबून टकटक ऐकू येते. जेटचे सगळे ट्रॅप टकटक करत होते. जिग्नेशभाई मागून येत होते.

कापड वाळवणाऱ्या ड्रायिंग मशीनच्या पहिल्या ट्रॅपवर टेकवलं आणि कानात शिट्टी वाजली. टकटक नाही, नुसती एकसारखी शिट्टी. खाली वाकून बघितलं तर ट्रॅपशेजारचा बायपास वाल पूर्ण उघडा. बायपास म्हणजे ट्रॅप दुरुस्त करायचा असेल तेव्हा वापरायचा आडमार्ग. तो उघडला की पाण्याबरोबर वाफही सरळ निघून जाते. पुढचे दोन बायपासही तसेच उघडे.

"कोणे खोल्युं?" जिग्नेशभाई ओरडले.

मशीनच्या मागून वाफेचा ढग येत होता, आणि त्या ढगाला गव्हाचा वास होता.

मागे एक लोखंडी टाकी आहे. सगळ्या ट्रॅपचं गरम पाणी तिथे जमतं, आणि बायपास उघडला की वाफही तिथेच येते. तिचं झाकण काढून भिंतीला टेकवलं होतं. तोंडावर मोठी चाळण, चाळणीत कणकेचे मुटके, वर मिलचंच कोरं कापड बांधलेलं. बाजूला भिकाभाऊ उभा. ड्रायिंग मशीनवरचा जुना माणूस, साक्री तालुक्यातला.

"हे काय भिकाभाऊ?"

"बट्टी शे, दादा."

"ते दिसतंय. इथे का?"

"नातू व्हयना ना. शिफ्टले जेवन देवानं शे." मग त्याने हळूच विचारलं, "तुमले सांगेल नही का कोणी?"

खानदेशात बट्टी आधी वाफवतात, मग कापून तुपात तळतात, वरणाबरोबर खातात. नातू झाला, पोरीचं जमलं, की वरण-बट्टी पाहिजेच. पण भिकाभाऊच्या उधन्याच्या वस्तीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत अख्ख्या शिफ्टची बट्टी वाफवणार कुठे? मिलमध्ये वाफच वाफ. आधी त्याने एक बायपास उघडला. बट्टी शिजेना. शेजारच्याने मदत म्हणून दुसरा उघडला, तिसऱ्याने तिसरा. आपल्या एकट्याच्या वालने काय होणार, असं प्रत्येकाला वाटलं.

आम्ही तिन्ही बायपास बंद केले. मी चाळण उतरवून ठेवली.

"भिकाभाऊ, ही टाकून द्यावी लागेल."

"टाकानी? आते शिजी गयी!"

"बॉयलरच्या पाण्यात आम्ही गंज लागू नये म्हणून केमिकल घालतो. ते वाफेबरोबर थोडं थोडं येतं. पाइपसाठी ठीक आहे. पोटासाठी नाही."

भिकाभाऊने चाळणीकडे बघितलं. "मग पाइप लय चांगलं खातस," तो म्हणाला. मागे कोणीतरी हसलं.

जिग्नेशभाई हसले नाहीत. "भिका, गेटपास जमा कर. त्रणेय जण. काले आववानुं नथी." म्हणजे तिघांचीही नोकरी गेली.

मी त्यांना बाजूला घेतलं. म्हटलं, "या लोकांनी वाल उघडला ती चूक आहे. मी लेखी रिपोर्ट देतो. पण रिपोर्टमध्ये प्रेशर का पडलं हे लिहिताना ते वाढवायला कोणी काय सांगितलं, तेही येईल. अर्धा रिपोर्ट मला लिहिता येत नाही."

ते म्हणाले, "पहेलां जुओ, जेटमां केटलुं थयुं."

जेटला आठ झाले होते. तापमान एकशे तीसकडे निघालं होतं. त्यांनी शेठना फोन केला. या वेळी सांगितलं की लाइनमध्ये लीकेज होतं, पाटीलने शोधलं. दुसऱ्या इंजिनियरचा विषय निघाला नाही. गेटपासचाही निघाला नाही.

राणी रंगाचे बाकी लॉट चांगले निघाले. एका लॉटवर मात्र गडद-फिके ढग उमटले होते, तो काळा करावा लागला. आमच्या धंद्यात जे बिघडतं ते शेवटी काळं होतं आणि काळ्या रंगालाही गिऱ्हाईक मिळतं.

बट्टी टाकली. भिकाभाऊने पुढच्या रविवारी उधन्याला गल्लीत तीन दगडांची चूल मांडून पुन्हा केली. मी गेलो होतो. वरण थोडं पातळ होतं.

आता सगळ्या बायपासला साखळी आणि कुलूप आहे. चाव्या माझ्याकडे असतात. कँटीनमध्ये गॅसवर चालणारं एक मोठं भांडं आलं आहे. मागणी मी केली, सही जिग्नेशभाईंनी. भांडं मागायला लोक माझ्याकडेच येतात, त्यामुळे मिलमध्ये कोणाकडे नातू झाला की घरच्यांच्या पाठोपाठ मला कळतं.

नवीन पोरं ट्रेनिंगला येतात तेव्हा मी त्यांना एवढंच सांगतो: प्रेशर पडलं की लगेच वाढवायला जाऊ नका. आधी लाइन धरून शेवटपर्यंत चालत जा. बहुतेक वेळा तिथे कोणीतरी भेटतं, आणि त्याच्याकडे कारण असतं.