नसीमबाईंनी थांबवलेली गाडी

नसीम इनामदार गेल्याचं मला माझ्या दिराकडून कळलं, तेही घरच्या ग्रुपवर. हात जोडल्याच्या चित्रांच्या रांगेखाली विलासने लिहिलं होतं, 'आमच्या परिवाराच्या हितचिंतक नसीमा मॅडम यांना भावपूर्ण श्रद्धांजली.' नावात एक काना जास्त आणि मजकुरात लाज कमी. ज्या बाईला तो हयातभर 'ती तोंडाळ मास्तरीण' म्हणाला, ती मरताच हितचिंतक झाली... त्याला काही आठवड्यांनंतरही मी उत्तर दिलेलं नाही. हेच माझं उत्तर समजा.

नसीमबाई माझ्या तंत्रनिकेतनातल्या सहकारी. मी गणित शिकवायचे, त्या मोटारींचं शास्त्र. त्याआधी बरीच वर्षं त्या खडकीला लष्करी गाड्यांच्या कामात होत्या. राहायच्या कसबा पेठेत, धाकट्या बहिणीबरोबर. मूर्खपणा त्यांना सोसत नसे, आणि तो त्यांना सगळीकडे दिसे. माझ्या महागड्या साडीकडे बघून त्या एकदा म्हणाल्या होत्या, "अहो, सीटकव्हरचं कापड छान निवडलंत." अर्धा स्टाफ त्यांच्याशी बोलत नसे. मी मात्र डबा घेऊन रोज त्यांच्याच टेबलावर जाऊन बसायचे.

विलास बिल्डर. चारही चाकांना ताकद देणारी गाडी त्याने घेतली ती बाणेरच्या बंगल्यातून क्लबात जाण्यासाठी. मागच्या काचेवर डोंगराचं चित्र. "वहिनी, ही भिंतीवरसुद्धा चढेल," असं तो मला पार्किंगमध्ये उभा राहून सांगायचा. त्या पावसाळ्यात त्याने पानशेतपलीकडचं फार्महाउस दाखवायला आम्हाला नेलं. सासूबाई होत्या, मी होते, आणि माझ्या आग्रहावरून नसीमबाई. जेवणानंतर सासूबाईंच्या छातीत दुखू लागलं, दरदरून घाम आला. आम्ही त्यांना गाडीत घातलं आणि निघालो. डांबरी रस्त्याच्या थोडं अलीकडे, एका चढावर, भिंतीवर चढणारी ती गाडी चिखलात रुतली.

विलास ॲक्सिलरेटर दाबतच राहिला. पुढची चाकं जागच्या जागी गरगरत होती, मागची थोडा वेळ रेटत होती. मग डॅशबोर्डवर एक दिवा लागला आणि मागची चाकं गप्प झाली.

"फसवलं मला शोरूमवाल्यांनी! चारही चाकं फिरायला हवीत!"

"पाय काढा," मागून नसीमबाई म्हणाल्या. सासूबाईंचं मनगट त्यांच्या हातात होतं.

"बाई, आईच्या छातीत दुखतंय. लेक्चर नको."

"म्हणूनच सांगतेय. या गाडीत ताकद एरवी पुढच्या चाकांना जाते. ती घसरली की मधला क्लच मागची चाकं जोडतो. तुम्ही तो घासून घासून तापवलात. जळू नये म्हणून गाडीनंच तो सोडलाय. तुमच्यापेक्षा तिला अक्कल आहे."

त्याने पुन्हा ॲक्सिलरेटर दाबला. नसीमबाई उतरल्या, चिखलातून वळसा घालून आल्या आणि त्याच्या बाजूचं दार उघडलं. "उतरा."

तो उतरला. आयुष्यात त्याने केलेली ती एकमेव शहाणपणाची गोष्ट.

मग थांबणं... सासूबाईंचा चेहरा राखेसारखा झाला होता आणि आम्ही गाडी थंड होण्याची वाट बघत होतो. विलास शोरूमला फोन लावत होता, रेंज नव्हती. नसीमबाईंनी आणि मी फांद्या तोडून, दगड आणून पुढच्या चाकांखाली घातले. मी सारखी वळून सासूबाईंकडे बघत होते. "रडायचं असेल तर दगड उचलता उचलता रडा," त्या म्हणाल्या. दिवा विझला तेव्हा त्या स्टिअरिंगवर बसल्या. पाय इतका हलका, की इंजिनचा आवाजही फारसा वाढला नाही. पुढच्या चाकांनी फांद्या धरल्या, मागच्यांनी रेटलं, आणि गाडी वर आली. थेट हॉस्पिटलपर्यंत त्यांनीच चालवली. वेळेत आणलंत, असं डॉक्टर म्हणाले. त्यावर विलास काय म्हणाला? "माझी गाडी होती म्हणून."

सासूबाई बऱ्या झाल्या आणि नसीमबाईंना बोलावणी जाऊ लागली. दर गुरुवारी दुपारी दोघी दार लावून बसत. सातवी शिकलेल्या त्या म्हातारीला गाडी कशी चालते, हे सगळं समजून घ्यायचं होतं. आतून हसण्याचे आवाज येत. नसीमबाईंचं हसू मी एरवी कॉलेजात कधी ऐकलं नव्हतं. स्वतःचा आजार त्यांनी आम्हा दोघींपासूनही लपवला. गुरुवार चुकायला लागले, तेव्हा कुठे आम्हाला संशय आला.

गेल्या आठवड्यात आम्ही महाबळेश्वरहून परतत होतो. पसरणी घाटात पाऊस, उतार, आणि विलास सुसाट. "घाबरू नका, चारही चाकांना ताकद आहे," त्याने ऐकवलं.

"ती ताकद पुढे जायला," मागून सासूबाई म्हणाल्या. "थांबायला तुझ्याकडे त्या समोरच्या टेम्पोएवढीच चार चाकं आहेत. हळू चालव."

विलासने वेग कमी केला. "आई, हे तुला कोणी शिकवलं?"

सासूबाईंनी खिडकीची काच वर केली. मग म्हणाल्या, "जिनं शिकवलं, ती मूर्खांना दोनदा सांगत नसे."