बंद गळ्याचं जॅकेट

"बसून बघितलंस का?"

ऑफिसात कोणी नवा शर्ट घालून आलं, की आमचे सर आधी हे विचारायचे आणि समोरची खुर्ची ओढून द्यायचे. माणूस बसला, की बटणांच्या मध्ये फट पडते का, पँट वर चढते का, हे मान तिरकी करून बघायचे. "आरशापुढे सगळे उभेच राहतात. मीटिंग मात्र बसून असते," असं म्हणून आपल्या टेबलाकडे निघून जायचे. तुमच्याही ऑफिसात असं कोणी असेल. आपण त्यांना हसतो, आणि नवे कपडे घेताना त्यांनाच आठवतो.

अंबडच्या आमच्या कारखान्यात द्राक्षबागांच्या फवारणीची यंत्रं बनतात. सर विक्री विभागाचे प्रमुख आणि मी त्यांच्या हाताखाली नव्याने लागलेली इंजिनीअर. सरांचा वेश ठरलेला: फिकट रंगाचा खोचलेला शर्ट, बारीक पट्टा, पॉलिश केलेले पण नरम पडलेले बूट. शेतकऱ्याच्या ओट्यावर असोत की बँकेच्या साहेबांसमोर, ते अवघडलेले कधी दिसले नाहीत.

माझ्या पहिल्या कृषी प्रदर्शनाला मी आईची कडक रेशमी साडी नेसून आणि उंच टाचांच्या चपला घालून गेले. सरांनी चपलांकडे पाहिलं. "दिवसभर स्टॉलवर उभं राहायचंय. जेवणापर्यंत टिकतील?"

"टिकतील सर," मी म्हटलं.

दुपारी मी यंत्रामागे अनवाणी उभी राहून शेतकऱ्यांना नोझलचे प्रकार सांगत होते. परतताना गाडीत सरांनी आपली गोष्ट सांगितली. त्यांच्या घरची मखमलाबादला फुलशेती. पहिल्या मुलाखतीला ते चुलतभावाची पँट घालून गेले होते. ती कमरेत सैल, म्हणून मागे पिन लावलेली. "ते काय विचारत होते, मला ऐकूच येत नव्हतं. सगळा जीव त्या पिनेत. मुलाखत माझी झालीच नाही, त्या पिनेची झाली." स्वतःशीच हसून ते म्हणाले, "घातलेले कपडे दिवसभर विसरता आले पाहिजेत. लोकांकडे लक्ष देता येतं मग."

पुढे सरांच्या आतड्याचं मोठं ऑपरेशन झालं. काही महिन्यांनी ते कामावर आले, ते निम्मे होऊन. पोटाला एक वाट कायमची उघडी ठेवून तिथे पिशवी चिकटवलेली होती. पोटातलं तिच्यात जमा होई. हे त्यांनी आम्हाला सांगितलं नाही, पण ऑफिसात अशा गोष्टी कळतातच. आम्हाला दिसायचा तो फक्त त्यांचा शर्ट. तो आता बाहेर असायचा, दोन मापं मोठा. मीटिंगमध्ये ते दाराजवळची खुर्ची धरत आणि मांडीवर फाइल ठेवत. कोणाच्या नव्या शर्टाकडे त्यांचं लक्ष जाईनासं झालं.

विक्रेत्यांचा वार्षिक मेळावा जवळ आला. दरवर्षी भाषण सरांचं असे. मालक त्यांना हळूच म्हणाले, "यंदा तुम्ही पुढच्या रांगेत निवांत बसा. बोलायचं दुसरं कोणीतरी बघेल." सर "बरं" म्हणाले. त्यात राग नव्हता, आणि तेच मला सोसेना.

दोन-चार दिवसांनी त्यांनी मला विचारलं, "तुझ्या ओळखीत चांगला शिंपी आहे का? माझ्या शिंप्याने दुकान बंद केलं."

बाबांचे कपडे शिवणारे मास्तर शालिमार चौकाजवळ बसतात. मी सरांना तिथे घेऊन गेले. ते पडद्याआड माप द्यायला गेले, मी बाहेर बाकावर बसले. मास्तरांचा आवाज आला, "साहेब, खिशातलं काढा. माप चुकेल."

"ते निघत नाही हो," सर म्हणाले. "ते धरूनच माप घ्या."

मी रस्त्यावरच्या रिक्षांकडे बघत राहिले. मग मास्तर म्हणाले, "मग पट्टा बंद करा. पँट कमरेत सैल ठेवू, वर खांद्यांवरून गॅलिस लावू. त्यावर बंद गळ्याचं बिनबाह्यांचं जॅकेट, जरा लांब. पोटावर कशाचाच दाब नको."

"गॅलिस? लहानपणी चड्डीला असायचे ते?"

"तेच साहेब."

आणि कित्येक महिन्यांनी मला सरांचं हसू ऐकू आलं. जॅकेट शिवून झालं तेव्हा ते घालून ते दुकानातल्या स्टुलावर बसले, उठले, खाली वाकून कापडाची एक चिंधी उचलली, पुन्हा बसले. दुसऱ्या दिवशी मालकांच्या खोलीत जाऊन त्यांनी सांगितलं, "यंदाही मीच बोलतो."

मेळावा गंगापूर रोडच्या एका हॉटेलात होता. काळपट निळं जॅकेट, पांढरा शर्ट, तेच नरम बूट. सर स्टेजवर उभे राहिले आणि सभागृह आपोआप शांत झालं. भाषण रंगात आलं असताना त्यांच्या पोटातून गुरगुर आवाज आला. माइक जवळच होता, सगळ्यांना तो ऐकू गेला. मागे कोणीतरी फिसकन हसलं.

सर थांबले. जॅकेटवर हात ठेवून म्हणाले, "यालाही बोलायचंय." हशा पिकला. तो ओसरल्यावर त्यांनी सरळ आवाजात सांगितलं, "माझं ऑपरेशन झालंय. पोटाला पिशवी आहे. ती कधीकधी मध्येच बोलते, तेवढं सांभाळून घ्या. तर मी नव्या पंपाबद्दल सांगत होतो." आणि पुढे निघाले.

जेवणाच्या वेळी लासलगावचे एक विक्रेते ताट न घेताच सरांजवळ आले. "सर, माझ्या धाकट्या भावाला बी तसलीच पिशवी हाय. कांद्याच्या लिलावात त्याचा लय दरारा होता. आता घराबाहेर पाय ठेवत नाय. सख्ख्या पुतणीच्या लग्नात बी आला नाय." मग घुटमळत विचारलं, "हे जॅकेट कुठं शिवलं?"

सरांनी मास्तरांचा पत्ता दिला. त्याच आठवड्यात मला म्हणाले, "लासलगावला जायचंय. चल, गाडी तू चालव."

पुढच्या उन्हाळ्यात आजार उलटला आणि सर गेले. त्यांची केबिन आता दुसऱ्यांना दिली आहे. मेळाव्याला आम्ही कोणीतरी बोलतो, बरं बोलतो. पण सर म्हटलं की मला लासलगावच्या त्या घराचा ओटा दिसतो. आत दार लावून सर आणि तो धाकटा भाऊ दोघंच बसले होते. बाहेर त्याच्या बायकोने, वहिनींनी, मला चहा दिला, तो निवून गेला. आधी आतून फक्त सरांचा आवाज येत होता, मग दुसराही येऊ लागला, आणि मग दोघं इतक्या मोठ्याने हसले, की वहिनींनी पदर तोंडाला लावला आणि त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या.

दार उघडलं. तो उंच, वाळलेला माणूस सरांना पोचवायला ओट्यावर आला. तिथे थांबेल असं वाटलं, पण तो बोलत बोलत अंगण ओलांडून थेट रस्त्यावर गाडीपर्यंत आला. तेवढ्यात कांद्याने भरलेला एक ट्रॅक्टर आमच्याजवळ येऊन थांबला. चालकाने वाकून पाहिलं.

"काय शेठ! कुठं होता इतके दिवस?"

धाकट्या भावाने एकदा सरांकडे पाहिलं, सदरा नीट केला आणि म्हणाला, "हाय की इथंच. उद्या येतो लिलावाला."